मत नाही, पण मतदान घेतो

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे निवडणूक आली की घरात सुतकी वातावरण. इलेक्शन ड्युटीची ऑर्डर यायची, मग बाबा पेटी सांभाळत एसटीने कुठल्यातरी गावात जाणार, शाळेच्या बाकावर झोपणार आणि परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलणार नाहीत. ती ड्युटी चुकवायला लोक काय काय आजार काढायचे! आणि मी, त्यांचाच मुलगा, कॅलिफोर्नियात येऊन स्वतःहून फॉर्म भरला. कोणी ऑर्डर दिली नव्हती हो.

मुळात मला इथे मत नाही, ग्रीन कार्डवाला आहे. पण २०१४ पासून कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवाले मतदान केंद्रावर काम करू शकतात, म्हणजे वाढपी व्हा पण पंगतीत बसू नका. काउंटीच्या इलेक्शन ऑफिसला हिंदी येणारा माणूस हवा होता, मी बिनधास्त टिक केलं. आता माझं हिंदी म्हणजे "आप उधर लाइन में उभे रहो" या लेव्हलचं. बायको म्हणाली, लोक मत न देताच पळतील.

लोकल इलेक्शन म्हणून मला वाटलं चार नावं असतील, तर मतपत्रिका म्हणजे उडप्याचं मेन्यूकार्ड! नगरपालिका, शाळांचं बोर्ड, कम्युनिटी कॉलेजचं बोर्ड, पाणी, सांडपाणी, वर आणि टॅक्स वाढवायचा का हे पण लोकांनाच विचारतात. गावागणिक मतपत्रिका वेगळी. नावांचा क्रम लावायला राज्य पातळीवर २६ अक्षरांची सोडत काढतात, निघेल त्या क्रमाची नवी बाराखडी. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आयुष्यभर हजेरीत शेवटून दुसरा होतो.

मशीनची चाचणी आधी होते, कोणीही जाऊन बघू शकतं, मी गेलो. निकाल आधीच माहीत असलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा मशीनला खाऊ घालतात, त्यात मुद्दाम कोऱ्या आणि एका जागेसाठी दोघांना खूश करणाऱ्या पण असतात, आणि उत्तर जुळलं तरच मशीन पास. शिवाय निवडणूक झाल्यावर १ टक्का केंद्रांची मतं हाताने मोजून ताळा करतात. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आणि शाई?" म्हणलं शाई नाही, मतपत्रिका पोस्टाने प्रत्येकाच्या घरी जाते, परत आलेल्या पाकिटावरची सही रेकॉर्डमधल्या सहीशी जुळवून बघतात. बाबा जोरात हसले. गावच्या बँकेने माझा चेक सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेला त्यांना अजून आठवतो.

ट्रेनिंगमध्ये माझ्या शेजारी सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. ती सगळं पहिल्या झटक्यात शिकली आणि मग मला शिकवायला लागली. दाराबाहेर १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही म्हणून दोरी धरून अंतर मोजायचं, तर मी दोरी धरून मागे मागे जात थेट गुलाबाच्या ताटव्यात. पण खरी शोभा सीलने केली. प्रत्येक पिशवीला नंबरवालं प्लास्टिकचं सील, नंबर वहीत लिहायचा, दोघांच्या सह्या. मी एकदम टापटीप, पिशवी भरली, सील ठोकलं, नंबर लिहिला, सही केली, आणि मुलगी शांतपणे म्हणाली, अंकल, कात्री कुठाय? कात्री आत. सील कापायचं कशाने, तर कात्रीने. मग दुसरीकडून कात्री आणा, सील का तोडलं त्याचं कारण लिहा, नवा नंबर, परत दोघांच्या सह्या. कारणाच्या रकान्यात तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही, धीर झाला नाही.

रात्री बाबांचा फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सील कसं लावायचं ते मलाच परत समजावलं (त्यांच्या वेळी लाख वितळवून लावायचे), पहाटे चहा पिऊन जा म्हणाले, मतदान सात ते रात्री आठ म्हणल्यावर "जरा जास्तच आहे" असंही म्हणाले. मग म्हणाले, "बरं, तुझं मत कोणाला?"

"बाबा, मला मत नाही."

बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं कॉल कट झाला.

"मग भत्ता तरी देतात ना?"