‘मधुमेह कायमचा बरा झाला’: एका संदेशाचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशाचा मजकूर थोडक्यात असा आहे: शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवल्या असून त्यांच्या एकाच इंजेक्शनने मधुमेह मुळापासून बरा होतो, चीनमध्ये रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरल्याने दुष्परिणामही नाहीत, औषध कंपन्या ही बातमी दडपत आहेत, आणि हा उपचार आता भारतातही मिळतो, तेव्हा इन्सुलिनच्या सुया थांबवा.

यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे, आणि ते साधेसुधे नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. त्यांच्या प्रयोगशाळेने मानवी मूलपेशींपासून (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या पेशींपासून), साखरेच्या पातळीला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मोठ्या संख्येने वाढवण्याची पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच कामातून पुढे आलेल्या, व्हर्टेक्स या अमेरिकी औषध कंपनीच्या झिमिसलेसेल या उपचाराचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. सुमारे ८० कोटी पेशींची पूर्ण मात्रा यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षअखेरीस बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते आणि बाराही जणांचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ७ टक्क्यांखाली आले होते. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या, बीटा पेशी असलेल्या पेशीपुंजांचे रोपण पूर्वीपासून होते, पण एका रुग्णाला अनेकदा दोन किंवा अधिक दात्यांची गरज पडे. ही अडचण प्रयोगशाळेतल्या पेशींनी दूर होऊ शकते. या यशाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

मात्र ‘मुळापासून बरा’ हे शब्द या निष्कर्षांत कुठेही बसत नाहीत. टाइप १ मधुमेहाचे मूळ स्वतःच्याच बीटा पेशी नष्ट करणाऱ्या प्रतिकारशक्तीत आहे, आणि ते जिथल्या तिथेच राहते. म्हणून या सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि रोपित पेशी टिकवायच्या असतील तोवर ती चालूच ठेवावी लागतात. या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यांतले टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना अपाय करू शकते आणि, गंमत म्हणजे, रक्तातली साखरही वाढवू शकते. चाचणीत कमी मात्रा मिळालेले दोघे धरून एकूण १४ जण होते. त्यांपैकी तिघांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गंभीर प्रमाणात घटल्या आणि दोघांचा मृत्यू झाला: एकाचा मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने, दुसऱ्याचा आधीपासूनचा मेंदूविकार बळावल्याने. संदेशात यातले एक अक्षरही नाही. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली तरी ज्यांना ते जाणवत नाही, अशांचीच या चाचणीसाठी निवड झाली होती, कारण एवढी जोखीम पत्करणे त्यांच्याच बाबतीत समर्थनीय ठरते. दिवसाला चार सुया घेऊन नोकरी, शाळा, खेळ सांभाळणाऱ्या माणसाचे गणित वेगळे आहे.

परिणाम किती वर्षे टिकेल, हा प्रश्नही उरतोच. कॅनडातील एडमंटन येथे २००० साली दात्यांच्या पेशीपुंजांचे रोपण झालेले सातही रुग्ण इन्सुलिनमुक्त झाले तेव्हाही असाच जल्लोष झाला होता. त्याच पद्धतीच्या ३६ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल २००६ मध्ये आले: वर्षभराने १६ जण इन्सुलिनमुक्त होते आणि त्या सोळांपैकी दोन वर्षांनंतर केवळ पाच. नव्या पेशी अधिक टिकतीलही, पण ते काळच दाखवील.

चीनमधील उदाहरणही अर्धवट सांगितले जाते. तिआनजिन येथील २५ वर्षांच्या एका स्त्रीच्या चरबीतील पेशींपासून पेशीपुंज तयार करून ते तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवण्यात आले आणि सुमारे ७५ दिवसांनी तिचे इन्सुलिन सुटले, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण यकृतरोपणामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आधीच घेत होती. त्यामुळे स्वतःच्या पेशी औषधांविना टिकतात, असे या उदाहरणातून सिद्धच होत नाही. उलट टाइप १ मध्ये शरीर आपल्याच बीटा पेशींवर हल्ला करत असल्याने त्याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. पेशी एका उपकरणात बंद करून औषधे टाळण्याचा व्हर्टेक्सचा प्रयोग पुरेसे इन्सुलिन न निर्माण झाल्याने मार्च २०२५ मध्ये थांबला. स्वीडनमधील उप्साला येथे दात्याच्या जनुकीय बदल केलेल्या पेशी एका रुग्णात औषधांविना टिकल्या, हे खरोखर आशादायक आहे; मात्र मात्रा अल्प असल्याने त्याचे इन्सुलिन सुरूच राहिले.

जगातील बहुतांश मधुमेहींना टाइप २ आहे आणि त्यात इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी होणे हा मोठा भाग असतो. शांघायमधील टाइप २ च्या एका रुग्णाचे इन्सुलिन अशा रोपणानंतर सुटले, पण त्याचे मूत्रपिंडरोपण आधी झालेले होते, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तोही आधीपासून घेत होता. कंपन्या दडपतात म्हणावे, तर मेल्टन यांची सेमा ही कंपनी व्हर्टेक्सने २०१९ मध्ये सुमारे ९५ कोटी डॉलरला विकत घेतली. दडपायच्या गोष्टीवर इतका पैसा ओतून तिचे निष्कर्ष नामांकित नियतकालिकात कोणी छापत नाही.

सर्वांत घातक भाग शेवटचा आहे. भारतात मूलपेशींविषयीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांसाठीचे रोपण वगळता, मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागितले जात नाहीत. म्हणून ‘मधुमेहासाठी मूलपेशी पॅकेज’ विकणाऱ्या दवाखान्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. आणि टाइप १ च्या रुग्णाने संदेश वाचून इन्सुलिन थांबवले, तर एक-दोन दिवसांतच रक्तात कीटोन नावाची आम्ले साचून उलट्या, धाप आणि बेशुद्धी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. झिमिसलेसेलच्या रुग्णांचेही इन्सुलिन नव्या पेशी काम करू लागल्यावरच, टप्प्याटप्प्याने कमी झाले होते.