खुलासा: ‘फार्मसी विभागाने वर्षभरात कर्करोगाचे औषध शोधले’ हे खरे नाही

विद्यापीठांच्या फार्मसी विभागांचे वार्षिक आढावे आले की त्यातली एखादी ओळ उचलून ‘कर्करोगावर औषध सापडले, पेटंटही मिळाले’ असा मेसेज फिरू लागतो. मूळ ओळ बहुधा एवढीच असते: वनस्पतीच्या अर्काने कर्कपेशींची वाढ रोखली, पेटंट अर्ज प्रकाशित झाला.

ही चाचणी मी स्वतः केली आहे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, अर्क घालायचा, मग एमटीटी हे पिवळे द्रव्य सोडायचे. पेशी जिवंत असतील तर जांभळा रंग येतो, मेल्या असतील तर पिवळाच राहतो. तो पिवळा दिसला की मन हरखतेच. पण साबणाच्या पाण्यानेही त्या पेशी मरतात! निरोगी पेशी वाचतात का, शरीरात द्रव्य गाठीपर्यंत पोहोचते का, यकृत ते सहन करते का, हे प्लेट सांगत नाही. त्यासाठी प्राण्यांवरचे प्रयोग आणि माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे लागतात. त्यात बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात, आणि बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात.

पेटंटचेही तसेच. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो. तपासणी आणि मंजुरी पुढची. शिवाय पेटंट म्हणजे औषध विकण्याचा परवाना नव्हे.

विद्यार्थ्यांचे काम खरे आहे, कौतुकाचे आहे. मात्र असा मेसेज वाचून कुणी चालू उपचार थांबवू नयेत, ही कळकळीची विनंती.