नऊ मीटरचा हट्ट, कोबेतून बघताना

पुण्यात प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांपासून कोथरूडपर्यंत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास बऱ्याचदा एकाच आकड्यावर अडतो: नऊ मीटर. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे, दाट वस्तीचा भाग सोडला तर, रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असल्यास मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१०; प्रीमियम (पालिकेला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की प्रीमियमचे ०.५० आणि टीडीआरचे ०.४० मिळून मर्यादा थेट २.०० वर जाते. साडेआठ मीटरवाल्यांकडे मग बिल्डर फिरकत नाही.

म्हणूनच त्याच वर्षी महापालिकेच्या स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचं ठरवलं, तेव्हा लगेच दोन तट पडले. एकीकडे गळक्या इमारतींतले सभासद, दुसरीकडे झाडं आणि पाण्याची काळजी करणारे नागरिक मंच. दोघांचंही खरं आहे. पण भांडण ३२३ रस्त्यांना एकच माप लावण्यावरून व्हायला हवं होतं, ते झालं रुंदी हवी की नको यावर.

जपानमध्येही एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. निवासी झोनमध्ये रस्ता १२ मीटरपेक्षा अरुंद असेल तर रुंदी गुणिले ०.४ ही कमाल मर्यादा: चार मीटरला १.६, सहाला २.४. झोनची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती लागू. दोन्हीकडची मोजणी वेगळी आहे, त्यामुळे आकडे शेजारी मांडू नयेत. बघायचं ते एवढंच, की पुण्यात पायरी आहे आणि इथे जपानमध्ये चढण. चढणीवर अर्धा मीटर कमी पडला म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

मात्र रुंदीकरणात जपानचंही तेच रडगाणं. १९५० च्या बांधकाम कायद्यानुसार चार मीटरपेक्षा अरुंद जुन्या गल्लीत नवं घर बांधताना मध्यरेषेपासून दोन मीटर मागे सरावं लागतं. तरी आजही असंख्य गल्ल्या अरुंदच आहेत, कारण रुंदी प्लॉटगणिक येते. पुण्यात दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घेतले तरी हेच होणार: एक सोसायटी मागे सरते, शेजारचा बंगला वीस वर्षं जागचा हलत नाही, मधल्या खाचेत गाड्या लागतात आणि विजेचा खांब ऐन रस्त्यात उभा राहतो.

जपानमधल्या कोबे शहराकडून घेण्यासारखं वेगळंच आहे. १९८१ च्या अध्यादेशाने या शहराने मोहल्ल्याच्या परिषदेला दर्जा दिला. रहिवासी, दुकानदार आणि जमीनमालक एकत्र येतात. बहुसंख्यांचा पाठिंबा दिसला की महापौर मान्यता देतात. परिषद आराखडा सुचवते. मग शहराशी करार होतो. तज्ज्ञ शहर पाठवतं. नागाता वॉर्डातल्या मानो मोहल्ल्याने १९८२ मध्ये असा करार केला. १९९५ च्या भूकंपानंतर मात्र शहराने दोन महिन्यांत मोठे आराखडे ठरवून टाकले. लोक खवळले, तेव्हा तपशील परिषदांवर सोपवावा लागला. सगळं गोड झालं असंही नाही. याच वॉर्डातल्या शिन-नागाताच्या दक्षिणेला सुमारे २० हेक्टरवर उभ्या केलेल्या संकुलांत कितीतरी गाळे रिकामे राहिले. शिवाय नुसता करार कुणावर सक्तीचा नसतो. सक्ती हवी तर तो कायदेशीर क्षेत्र-आराखड्यात न्यावा लागतो.

पुण्यात सोसायटी स्वतःच्या प्लॉटपुरता सल्लागार नेमते. गल्लीचा सल्लागार कुणीच नसतो. क्षेत्रसभेची (वॉर्डातल्या एका भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद कायद्यात आहे, पण ती नगरसेवकावर अवलंबून, आणि २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. पुनर्विकासातून पालिकेला प्रीमियमचे पैसे मिळतात. त्यातला छोटा वाटा गल्लीच्या आखणीला द्यावा. आखणीत आधी जलवाहिनी आणि मैलावाहिनीचा व्यास, मोठ्या झाडांच्या जागा, अग्निशमन गाडी वळण्याची जागा आणि खांब मोजावेत, मग रुंदी ठरवावी: कुठे नऊ, कुठे साडेसात आणि एकेरी वाहतूक. भाडेकरूंना या बैठकीत बोलावलं नाही, तर हरकती शेवटी न्यायालयात जाऊन उभ्या राहतील.