भिडेखातर : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, म्हणून आता लिहायला बसले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्याकडं बँकेतला साहेब असो, डॉक्टर असो की तलाठी, खुर्चीत तो एकटा बसत नाही. मागं भाऊबंद, पाहुणेरावळे, गाव असे सगळे उभे असतात, आणि सही करताना नियमापेक्षा भीड जड होते. त्यावर या दादांचं म्हणणं असं : समाजाच्या नावानं खडे फोडले की माणूस मोकळा सुटतो, प्रत्येक जण शेवटी आपल्या अकलेनंच वागतो. कायदा कडक केला की भीडबीड पळून जाते. गावाकडचाच पोरगा हिंजवडीत वेळेवर हजेरीचं बोट लावतो ना? आणि दरवेळी मराठवाड्याचीच लक्तरं वेशीवर का टांगता? शेवटी एक टोमणा : ‘ताई, तुम्ही स्वतः किती जणांना नाही म्हणालात?’

लक्तरांचं आधी उरकते. माझी ३१ वर्षांची बँकेतली नोकरी बीड जिल्ह्यातल्या माजलगाव, केज, परळी या पट्ट्यात गेली. जे पाहिलं ते लिहिते. पुण्याचं पुणेकर लिहितीलच, त्यांना आग्रह करावा लागत नाही.

आता कायदा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ राहिल्या. म्हणजे कायदा पुस्तकात होता, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी सोनोग्राफीच्या दाराबाहेर होती, आणि आकडा खाली चालला होता. आतला डॉक्टर अडाणी नव्हता, कायदा त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा पाठ. पैसा होताच, नाही कोण म्हणतं? पण माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई सांगायच्या की विचारायला येणारी माणसं चोरासारखी येतच नाहीत. सासू, नवरा, कधी पोरीची आईसुद्धा सरळ समोर बसून म्हणते, ‘दोन पोरी हायेत, तिसरीला हुंडा कुठून आणावा?’ गुन्हा करतोय असं त्या खोलीत कुणालाच वाटत नाही. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाईच तिथं विक्षिप्त ठरतात. २०१२ मध्ये परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण बाहेर आल्यावर यंत्रांना सील लागलं, अटका झाल्या. तेवढं श्रेय तुमच्या कायद्याला देते. पण तोवर त्याला अठरा वर्षं झाली होती.

‘प्रत्येक जण आपल्या अकलेनं वागतो’ हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. त्यासाठी ऊसतोडीकडं बघा. दिवाळीच्या आगंमागं आपल्याकडच्या वाड्या-तांडे रिकामे होतात, हे तुम्हाला परभणीत बसून मी सांगायला नको. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा, उचल (आगाऊ पैसे) देतो ती ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हिशोबात दोघं मिळून एक, आणि उचलीचे पैसे मोजून हातात पडतात ते नवऱ्याच्या. बाईची मजुरी वेगळी धरू नका असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठंच नाही. घरात जे चालतं तेच धंद्याचं माप झालं. लग्न ठरवतानासुद्धा हंगाम बघतात, कारण एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला उचल कमी.

एक दिवस काम बुडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत अंग दुखतं, फडात पाणी नाही, आडोसा नाही. २०१९ साली सरकारनं पाहणी केली तेव्हा जिल्ह्यातल्या तपासलेल्या ८० हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. आता कोण चुकलं ते सांगा. मुकादमाला खाडा नको होता. नवऱ्याला उचल फेडायची होती. बाई म्हणाली, लेकरं झाली, कटकट जाऊ द्या. डॉक्टर म्हणाला, ठेवली तर कॅन्सर होईल. तुमच्या म्हणण्याप्रमाणं चौघंही आपापल्या अकलेनं वागले. चौघांची अक्कल एकाच जागी जाऊन कशी थांबली, एवढाच माझा प्रश्न होता. त्यात डॉक्टर सुटतो असं मी म्हणत नाही. शिकलेला तो एकटाच होता.

आणि मीही सुटत नाही. मागच्या लेखात हे लिहायचं टाळलं होतं, तुम्ही खाजवलंत म्हणून लिहिते. शाखेत खातं उघडायला एकटी बाई आली की मी म्हणायचे, ‘मालकांना घेऊन या.’ असं परिपत्रक कधीच नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आईला तिच्या बँकेत असंच सांगायचे, बस्स. एकदा हंगामावरून आलेली एक बाई काउंटरला उभी. हातावर पाचटाचे ओरखडे, कनवटीला नोटांची पुरचुंडी. माझं नेहमीचं वाक्य ऐकून ती म्हणाली, ‘त्येला कशाला आणू, बाई? आंगठा माझाच लावायचा हाय ना?’ मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी फॉर्म पुढं सरकवला. नंतर तोंडातून ते वाक्य गेलं, पण ते माझ्या शहाणपणानं गेलं असं लिहिलं तर खोटं होईल.

हिंजवडीच्या पोराचं तुमचं बरोबर आहे, तिथं तो घड्याळावर चालतो. तोच पोरगा मे महिन्यात गावी येतो तेव्हा त्याच्या पॅकेजवर हुंड्याचा आकडा ठरतो, आणि तो खाली मान घालून बसतो : ‘घरचे बघतील.’ माणूस तोच. फक्त भीड कुणाची, ते बदललं.

एका ठिकाणी मात्र मी मागच्या लेखात चुकले. भीड म्हणजे सगळी कीडच, असा सूर लागला होता. बचत गटाची वसुली मी वर्षानुवर्षं पाहिली. तारण नाही, जामीनदार नाही, तरी हप्ता वेळेवर, कारण बैठकीत शेजारणीसमोर मान खाली जाईल. बड्या बागायतदाराच्या दहा नोटिसा माघारी यायच्या आणि या बायका पावसात भिजत पासबुक घेऊन यायच्या. ती भीडच. पुढं मायक्रोफायनान्सवाल्यांनी, म्हणजे बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांनी, तीच ओळखली. वसुलीचा पोरगा हप्ता थकलेल्या बाईच्या ओट्यावर येऊन बसतो, गटातल्या चार जणींना बोलावून घेतो, आणि उठत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात, पण दुसऱ्याच्या भिडेवर कुणाकुणाची दुकानं चालतात, हे ती म्हण सांगत नाही.

राहिला तुमचा टोमणा. किती जणांना नाही म्हणाले? ज्यांना म्हणणं अवघड होतं असे तीन. त्यातला एक माझा मावसभाऊ. दुसऱ्या बँकेची थकबाकी लपवून पीककर्जाचं प्रकरण घेऊन आला होता, सातबारा आणि आठ-अ एका हातात, पेढ्यांचा पुडा दुसऱ्या. पुडा ठेवून घेतला (मावशीनं दिलेला होता), प्रकरण परत केलं. आठ वर्षं तो आमच्या दारात आला नाही. मग त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली. वर नाव आमच्या ह्यांचं, माझं कुठंच नाही. तशी पत्रिका दरवेळी ह्यांच्याच नावानं येते, त्यामुळं त्यात राग किती आणि रीत किती, ते मला अजून कळलेलं नाही.