खुलासा : ५५ वर्षांनंतर अमेरिकी नागरिकत्वाची परीक्षा माफ होत नाही

‘वयाची ५५ वर्षे पूर्ण झाली की अमेरिकी नागरिकत्वासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही,’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो अर्धवट असून, मुलांकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांची त्यामुळे ऐन मुलाखतीच्या दिवशी फसगत होईल, याची मला मनापासून काळजी वाटते.

अर्ज दाखल करताना वय किमान ५५ आणि ग्रीन कार्डावरील वास्तव्य किमान १५ वर्षे, किंवा वय ५० आणि वास्तव्य २० वर्षे असेल, तर सूट मिळते ती फक्त इंग्रजीपुरती. इतिहास व शासनव्यवस्थेवरची तोंडी परीक्षा द्यावीच लागते, मात्र ती दुभाष्याच्या मदतीने मराठीतूनही देता येते. पर्यटक व्हिसावर काढलेले महिने या हिशेबात धरले जात नाहीत, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. वय ६५ व ग्रीन कार्डावर २० वर्षे झालेल्यांना ठरावीक २० प्रश्नांचाच अभ्यास पुरतो. त्यांतील १० विचारले जातात आणि ६ उत्तरे बरोबर यावी लागतात. पूर्ण माफी केवळ वयामुळे मिळत नाही. शारीरिक वा मानसिक अक्षमतेमुळे परीक्षेची तयारी अशक्य असेल, तर डॉक्टरांनी भरून दिलेल्या एन-६४८ या अर्जाद्वारे ती मागता येते.