२५ हजारांच्या फोनमध्ये काय नाही?

मध्यंतरी नानांचा फोन आला. आला आणि कट झाला. परत आला, "हां, ऐक..." एवढं कानावर पडलं आणि पलीकडे एकदम शांतता. म्यूट. तिसऱ्यांदा आला तेव्हा नाना चिडलेले होते. "अरे, काय फोन घेऊन दिलास! मी बोलतोय आणि हा मधेच मुका होतो."

फोन मीच घेऊन दिलेला. घरात, सासुरवाडीला, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर 'पंचवीसपर्यंत कोणता घेऊ?' हा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. रात्री अकराला तीन टॅब उघडून दोन फोनची तुलना करत बसणारा माणूस आहे मी. पण नानांच्या फोनने माझी चांगलीच जिरवली, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. चहा घेऊन बसा.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना २४,९९९ चा फोन घेतला, कार्डाची सूट धरून साडेबावीसला पडला. १२० हर्ट्झचा ॲमोलेड डिस्प्ले, ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा, १२ जीबी रॅम, ६००० एमएएचची बॅटरी, ८० वॉटचा चार्जर. यादी वाचून कुणीही म्हणालं असतं, घेऊन टाक. मीही तेच म्हणालो. कंपनीचं नाव विचारू नका, कारण हीच गोष्ट तीन-चार कंपन्या करतात.

आता भानगड काय, ते ऐका. आपण फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते. हे काम प्रॉक्सिमिटी सेन्सर करतो. नेहमीचा सेन्सर म्हणजे वरच्या कडेला एक बारीकसा इन्फ्रारेड दिवा आणि तो प्रकाश परत येतोय का हे बघणारा एक डोळा. समोर गाल आला, प्रकाश परतला, स्क्रीन बंद. साधा भाग आहे, महागाचाही नाही. पण कडा बारीक करायच्या आणि चार पैसे वाचवायचे म्हणून बऱ्याच फोनमधून तो काढून टाकतात आणि त्या जागी 'व्हर्च्युअल' सेन्सर देतात. म्हणजे सेन्सर नाहीच. स्क्रीनला झालेला स्पर्श, फोन किती तिरका झाला, कुठे अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा आवाज), यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की बहुतेक कान आला असावा.

अंदाज शहरात बरेचदा बरोबर येतो. निफाडला हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, राज्यातल्या सगळ्यात कमी तापमानाची बातमी बरेचदा तिथूनच येते. पहाटे पाचला बागेत शेकोटी करायला निघालेल्या माणसाच्या डोक्याला कानटोपी आणि वर मफलर गुंडाळलेला असतो. फोन लावतात तो मफलरवर. लोकरीआडचा कान स्क्रीनला कळत नाही, स्क्रीन चालू राहते, आणि दाढीचे खुंट असलेला नानांचा गाल म्यूटचं बटण दाबतो. कधी लाल बटण. एकदा तर गालाने माझ्या आत्याला कॉन्फरन्सवर घेतलं होतं.

सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "टेंपर्ड ग्लासमुळे होतं सर." ग्लास काढली. मग म्हणाला, "अपडेटमध्ये सुधारेल." दोन अपडेट आले. तरी गाल आत्यालाच फोन लावत राहिला.

तेव्हापासून मी फोन उलट्या बाजूने बघायला लागलोय. मिडरेंज, म्हणजे मधल्या किमतीचा फोन ही तडजोडच असते, त्यात वाईट काही नाही. २४,९९९ मधले जवळपास ३,८०० रुपये १८ टक्के जीएसटीतच जातात. उरलेल्यात चिप, डिस्प्ले, बॅटरी, जाहिरात, दुकानदाराचं मार्जिन, कंपनीचा नफा. कुठेतरी कात्री लागणारच. काय दिलंय ते खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. कात्री कुठे लागली, ते मात्र आपणच हुडकायचं. आणि माझा अनुभव असा की कात्री बरोब्बर तिथे लागते, जिथे तुलनेच्या तक्त्यात रकानाच नसतो.

हे काही आजचं नाही. २०१८ साली पोको एफ-१ आला होता, आठवतंय? स्नॅपड्रॅगन ८४५, जी चिप तेव्हा बऱ्याच महाग फोनमध्ये असायची, ती २०,९९९ ला. आमच्यासारखी मंडळी वेडी झाली होती. पाठ प्लास्टिकची होती, ते सगळ्यांना दिसत होतं आणि चालतही होतं. पण सुरुवातीला त्यात वाइडवाइन एल-१ (एचडी चित्र पाठवण्याआधी अशी ॲप मागतात ती सुरक्षेची सोय) नव्हतं, त्यामुळे नेटफ्लिक्स एचडीत दिसत नसे. ते पुढे अपडेटने आलं. एवढी दणकट चिप आणि सिनेमा धूसर! खोक्यावर 'एचडी दिसणार नाही' असं कोण छापेल? तरी मी म्हणेन, त्या पैशात तो फोन घेण्यासारखाच होता. काय काढलंय ते माहीत असून घेतला तर तक्रार राहत नाही.

याच्या उलट २०१४ चा मोटो जी. १२,४९९ रुपये, ८ जीबी स्टोरेज, मेमरी कार्डाची सोय नाही. यादीत तो तेव्हाच्या मायक्रोमॅक्सपुढेही फिका वाटायचा. पण हातात घेतला की अडकायचा नाही. ते काय होतं, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. त्यांनी कात्री उघडपणे लावली होती.

असो. नानांकडे वळतो, कारण त्यांच्या फोनने मला अजून दोन गोष्टी शिकवल्या.

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी करतात त्या छाटणीनंतर, पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाची भीती. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग, खाली पांढरी बुरशी. नाना पानाचा फोटो काढून सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यावरून फवारणी ठरते. फोनला तीन कॅमेरे. त्यातला एक 'मॅक्रो', २ मेगापिक्सेलचा. मॅक्रो म्हणजे जवळचं, म्हणून नाना इमानेइतबारे तोच लावून, पानाला नाक लावल्यासारखा फोन धरून फोटो काढायचे. आलेला फोटो बघून सल्लागाराने विचारलं होतं, हे पान आहे की चिंध्या? मी गेलो तेव्हा तेच पान वीतभर अंतरावरून मुख्य कॅमेऱ्याने, दोन पट झूम करून काढलं. बुरशीचा पोत स्वच्छ दिसला. तो मॅक्रो कॅमेरा केवळ मागे तीन भिंगं दिसावीत म्हणून बसवलेला असतो. आता दुकानात कुणी 'ट्रिपल कॅमेरा' म्हणालं की मी विचारतो, तिसरा कितीचा? २ मेगापिक्सेल म्हणाला की तो नाहीच असं समजायचं.

दुसरी गोष्ट ऊन. खोक्यावर लिहिलेलं होतं, '४५०० निट्स पीक ब्राइटनेस' (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). दुपारी एकला बागेच्या बांधावर नाना हाताचा आडोसा करून फोनपेचा क्यूआर शोधत होते. हे पीक म्हणजे खास एचडीआर व्हिडिओ चालू असताना स्क्रीनच्या एखाद्या छोट्या तुकड्यावर क्षणभर मिळणारा उजेड. उन्हात पूर्ण स्क्रीनला मिळतो तो आकडा वेगळा, त्याला 'हाय ब्राइटनेस मोड' म्हणतात, आणि तो बहुतेकदा पीकच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा असतो. दुकानात एसी आणि ट्यूबलाइटखाली सगळेच फोन झकास दिसतात. डेमो पीस घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात उभे राहा. नाशिकला एमजी रोडवर मी असं केलं तेव्हा दुकानातला पोऱ्या मागोमाग धावत आला, त्याला वाटलं मी पळतोय.

रॅमचं थोडक्यात सांगतो. '१२+१२ जीबी' मधलं दुसरं १२ म्हणजे स्टोरेजचीच उसनी जागा, तिला रॅम म्हणणं म्हणजे ओसरीवर गादी टाकून 'अजून एक बेडरूम' म्हणण्यासारखं. त्याऐवजी स्टोरेज कोणत्या जातीचं, ते बघा. यूएफएस ३.१ असेल तर चांगलं, २.२ असेल तर चालेल पण २५ हजारांत भाव करताना ते लक्षात ठेवा. चिपच्या नावांना तर अर्थच उरलेला नाही. २०२३ ची स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ ही २०२४ च्या ७ एस जेन ३ पेक्षा वेगवान आहे. आकडा वाढला म्हणजे चिप वाढली असं नाही, मधलं अक्षर वाचायचं. अर्थात नानांना यातलं काहीही लागत नाही. गेम खेळणाऱ्या पोरांना लागतं, आणि ती पोरं हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात.

मला खरा राग आहे तो अपडेट आणि दुरुस्तीचा. 'चार वर्षं अपडेट' असं लिहिलेलं असतं, पण ती वर्षं बहुतेक वेळा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल सेलमध्ये तीन हजार स्वस्त मिळतं तेव्हा ते दीड वर्ष तुमच्या खिशातून गेलेलं असतं. २५ हजार तीन वर्षांत वाटले तर महिन्याला सातशे पडतात, पाच वर्षांत वाटले तर सव्वाचारशेच्या आत. मिडरेंज परवडला की नाही ते इथे ठरतं. सॅमसंगने २०२५ च्या ए-२६, ए-३६, ए-५६ ला सहा वर्षांचं आश्वासन दिलंय, आणि चिप-चार्जरच्या तुलनेत हे फोन कितीही सपक वाटले तरी मला आताशा ते पटायला लागलेत. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के जीव. तेच मॉडेल इथे विकताना कंपनी काय देते, ते जरूर पडताळा.

माझ्या बहिणीच्या फोनवर एका अपडेटनंतर सकाळी उठून बघते तर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. पडला नाही, भिजला नाही. वॉरंटी संपून दोन महिने झालेले. डिस्प्लेचे ८,७०० सांगितले. आणि त्याच फोनला एक्स्चेंजमध्ये भाव मिळत होता ६,०००. म्हणून मी आता फोन घेण्याआधी कंपनीच्या साइटवर स्क्रीनची किंमत बघतो. बऱ्याच कंपन्या ती लावतात, फक्त शोधावी लागते. फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली की मी मागे फिरतो. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हेही त्यातच धरा. निफाडच्या माणसाला नाशिकला जाऊन येणं म्हणजे बागेचा एक दिवस बुडाला.

आयपी-६८, आयपी-६९ म्हणजे फोन पाणी-धूळ किती सोसतो त्याचे दर्जे, त्यांचं कौतुकही जरा बेतानेच. ती चाचणी गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. पाणी आत गेलं तर वॉरंटीत बसत नाही, असं त्याच कंपनीच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात असतं.

आणि 'नो कॉस्ट ईएमआय'. व्याज असतंच, तेवढी सूट आधी दाखवतात इतकंच. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. फुकट व्याज हा प्रकार नसतो, २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने शून्य टक्क्यांच्या योजनांवर बोट ठेवलं होतं. रक्कम मोठी नाही, पण मग रोखीत घेताना दुकानदाराने कमी केले असते ते हजार रुपये तुम्ही सोडून दिलेले असतात.

मग पंचवीसचा फोन घ्यावा की नाही? घ्यावा. माझं मत विचाराल तर बहुतेकांना त्याच्या वरचा लागतच नाही. पण 'कोणता चांगला' असं विचारू नका, मला उत्तर देता येत नाही. तो कुणाच्या हातात जाणार ते सांगा. दिवसभर कॉलवर असणारा माणूस असेल तर दुकानात आधी कुणालातरी फोन लावा, स्पीकरच्या जाळीसमोर घडी केलेला रुमाल धरा आणि स्क्रीन बंद होते का बघा. रिक्षा चालवणारा असेल तर मॅप उघडून जागेवर गोल फिरा. होकायंत्राचा सेन्सर काढून टाकला असेल तर निळा बाण तुमच्याबरोबर फिरणार नाही. तान्हं मूल असलेलं घर असेल तर हलणाऱ्या हाताचा फोटो ट्यूबलाइटमध्ये काढून बघा. पाच मिनिटं लागतात. पोऱ्या वैतागतो, वैतागू दे.

नानांचं काय केलं ते सांगायचं राहिलं. माझा स्वतःचा फोन दोन वर्षं जुना, ८ जीबीचा, चार्जिंगला सव्वा तास घेणारा, पण त्यात खराखुरा इन्फ्रारेड सेन्सर आहे आणि अपडेटची तीन वर्षं शिल्लक आहेत. तो त्यांना दिला आणि त्यांचा मी घेतला. मी दिवसभर कानात बड्स घालून बोलतो, माझा गाल स्क्रीनला लागतच नाही. मला तर हा फोन फार आवडलाय. पस्तीस मिनिटांत फुल चार्ज!

काल रात्री नानांचा फोन आला. त्रेचाळीस मिनिटं बोलले, एकदाही कट झाला नाही. त्यामुळे व्यापाऱ्याने किलोमागे किती पाडून मागितले, इथपासून आत्याच्या गुडघ्यांपर्यंत सगळं ऐकावं लागलं.