खोटे बोल, पण एकाच गावाचे बोल

व्हीपीएन वापरणाऱ्या माणसाला इंटरनेटवर कोणी ओळखत नाही, अशी जाहिरात असते आणि ती शब्दशः खरी निघते, कारण त्यानंतर आपली स्वतःची बँकही आपल्याला ओळखत नाही. बदलापूरहून मुंबईला रोज लोकलने जाणारा मी एक साधा खातेदार आहे. माझ्याकडे जगापासून लपवण्यासारखे काही असावे, असे वाटणारी एकमेव व्यक्ती म्हणजे पुण्यात संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी करणारी माझी मुलगी. स्टेशनावरचे फुकट वायफाय मी ज्या निर्धास्तपणे वापरतो ते पाहून तिने एका रविवारी माझ्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये व्हीपीएन बसवून दिले आणि "बाबा, बाहेर असलात की हे चालू ठेवत जा," अशी तंबी देऊन ती निघून गेली. चालू ठेवल्यावर काय होते, हा भाग तिच्या गाडीची वेळ झाल्यामुळे राहून गेला.

तत्त्व तसे सोपे आहे. आपल्या फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरपर्यंत सांकेतिक स्वरूपातला एक बोगदा तयार होतो, आपली सगळी ये-जा त्यातून होते आणि पलीकडच्या संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला आकडी पत्ता, न दिसता त्या सर्व्हरचा दिसतो. आता हेही खरे की, आजकाल बहुतेक संकेतस्थळे मुळातच 'एचटीटीपीएस'वर, म्हणजे सांकेतिक स्वरूपातच, चालत असल्यामुळे स्टेशनावरच्या वायफायवाल्याला आपण कुठे गेलो एवढेच कळते, तिथे काय केले ते कळत नाही. म्हणजे व्हीपीएन घेणे म्हणजे स्टेशनवाल्यावरचा विश्वास काढून घेऊन तो व्हीपीएन कंपनीवर ठेवणे, एवढाच व्यवहार. पण मुलीला हे ऐकवण्याची माझी प्राज्ञा नाही.

पहिला दणका दादरला बसला. व्हीपीएनच्या ॲपमध्ये सर्व्हर आपोआप निवडण्याची सोय असते आणि त्या सकाळी ॲपला ॲमस्टरडॅम पसंत पडले. मी फलाटावर उभा राहून मेल उघडायला आणि घरच्या टॅबलेटवर, जिथे माझे तेच खाते उघडे असते, 'नेदरलँड्समधून साइन-इनचा प्रयत्न. हे तुम्हीच आहात का?' असा प्रश्न झळकायला एकच गाठ पडली. खाली दोन बटणे होती, 'हो, मीच' आणि 'नाही, खाते सुरक्षित करा'. सौभाग्यवतींनी कणकेचे हात पुसले, चष्मा लावला, मजकूर पूर्ण वाचला आणि कर्तव्यबुद्धीने दुसरे बटण दाबले. मग मला फोन आला.

"अहो, तिकडे ॲमस्टरडॅमहून कोणीतरी तुमच्या मेलमध्ये घुसत होतं. मी हाकललं त्याला."

"अगं, तो मीच होतो."

"तुम्ही दादरला ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दरम्यान फोन, लॅपटॉप आणि घरातला टीव्ही अशा सगळ्या ठिकाणांहून मला बाहेर काढण्यात आले होते. मेल पुन्हा उघडण्यासाठी लागणारा कोड माझ्या दुसऱ्या मेलवर जाणार होता आणि त्या दुसऱ्या मेललाही माझे हिंडणे संशयास्पद वाटल्यामुळे त्याचा कोड या पहिल्या मेलवर येणार होता. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण रचणाऱ्याला पासवर्ड माहीत नसतील, पण अडचण नेमकी हीच माहीत असावी.

बँकेचे नाव मी घेत नाही, कारण तिच्याशी माझे आता बरे चालले आहे. त्या दिवशी मात्र नेट बँकिंग बंद झाल्यावर ग्राहक सेवा केंद्रातल्या मुलीने अतिशय हळुवार आवाजात, "सर, आपण सध्या कुठे आहात?" असे विचारले. मी दादर म्हणालो. "सर, सिस्टममध्ये आपण नेदरलँड्सला दाखवताय. आपल्या खात्यात दुसरं कोणी शिरलंय असं वाटतं का आपल्याला?" तो दुसराही मीच आहे, हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ बासरी वाजत राहिली.

पुढे मुलीकडून या यंत्रांची विचार करण्याची रीत समजून घेतली, तेव्हा राग थोडा निवळला. नऊ वाजून दहा मिनिटांनी बदलापूरच्या पत्त्यावरून उघडलेले खाते साडेदहाला ॲमस्टरडॅमहून उघडले गेले, तर मधले सहा-सात हजार किलोमीटर या गृहस्थाने कसे कापले, असा हिशेब यंत्र करते. तंत्रज्ञांच्या भाषेत याला 'अशक्य प्रवास' म्हणतात. (ज्यांनी सकाळची बदलापूर लोकल पकडली आहे त्यांना या शब्दप्रयोगाचे विशेष वाटणार नाही.) शिवाय व्हीपीएनचा आयपी पत्ता एखाद्या घरगुती ब्रॉडबँडचा नसून डेटा सेंटरचा आहे हे यंत्राला कळते आणि कायमचा पत्ता म्हणून लॉजचा पत्ता देणाऱ्याकडे जसे पाहतात तसे ते आपल्याकडे पाहू लागते. त्या एकाच पत्त्यावरून आणखी शेकडो अनोळखी माणसे बाहेर पडत असतात आणि त्यांतल्या एखाद्याने काल काही उपद्व्याप केलेला असतो. त्यात आपला लॅपटॉप सचोटीचा. पत्ता युरोपचा असताना घड्याळ मात्र ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचेच, म्हणजे भारताचेच, लावून बसलेला. त्या अर्ध्या तासाने मी कितीदा पकडला गेलो असेन!

यंत्राला पूर्ण खात्री नसते तेव्हा ते चित्रे दाखवते. ज्या चौकोनांत बस असेल ते निवडा, हे जमते. सिग्नलचा नुसता खांब आलेला चौकोन सिग्नलमध्ये धरायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. पण फुटपाथच्या कडेचा, आग विझवण्याच्या पाण्याचा तो बुटका अमेरिकन नळ मी उभ्या आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला नसताना, तो ओळखू आला तरच मी माणूस, हा निकष मला मान्य नाही.

या सगळ्यातून मी जे शिकलो त्याचे सार आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवले आहे: खोटे बोल, पण रेटून बोल. यंत्राला खोट्याचा राग येत नाही, रोज बदलणाऱ्या खोट्याचा येतो. म्हणून मी सर्व्हरची आपोआप निवड बंद केली आणि यादीतला 'भारत' कायमचा धरला. हा भारतही गमतीचा आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी पत्ते निदान पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा एक्स्प्रेस व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड व्हीपीएन अशा कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलून नेले. त्यामुळे यादीतला 'भारत' प्रत्यक्षात सिंगापूरमध्ये असू शकतो. मी बदलापूरहून सिंगापूरला जाऊन भारतात उतरतो आणि बँक आता हूं की चूं करत नाही.

खरे तर बँकेचे ॲप बोगद्याबाहेर ठेवण्याची 'स्प्लिट टनेलिंग' नावाची सोय असते आणि मन:शांती हवी असेल त्याने तीच वापरावी. ब्राउझरमधल्या कुकीज नावाच्या ओळखखुणा रोज पुसण्याची स्वच्छतेची सवय मी सोडली, कारण यंत्र आपल्याला त्यांच्यावरूनच ओळखते. दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप बसवले; त्याला नेटवर्कही लागत नाही आणि सीमकार्डही. अडीनडीचे बॅकअप कोड कागदावर छापून विम्याच्या फायलीत ठेवले. खाते अडकलेच, तर पुन्हा पुन्हा पासवर्ड मारत बसत नाही. व्हीपीएन बंद करून घरच्या वायफायवरून, नेहमीच्या लॅपटॉपवर, सावकाश प्रयत्न करतो. कंपनी जादा पैसे घेऊन केवळ आपल्यासाठी राखीव आयपी पत्ताही देते. आधी ओळख लपवण्याचे पैसे घ्यायचे आणि मग ओळखू येण्याचे वेगळे घ्यायचे, हा धंदा ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार.

आमचा भाचा फ्रँकफर्टला असतो आणि त्याचे दुखणे नेमके उलटे आहे. त्याला इथल्या बँकेसाठी आणि बिलांसाठी भारतात असल्यासारखे दिसावे लागते, पण विकतच्या व्हीपीएनचा भारत त्याच्या बँकेला पटत नाही. शेवटी सुट्टीत आला तेव्हा त्याने आमच्या राउटरवरच 'वायरगार्ड' नावाचे स्वतःचे व्हीपीएन बसवले आणि ब्रॉडबँडवाल्याकडून न बदलणारा आयपी पत्ता घेतला. तेव्हापासून तो देहाने जर्मनीत आणि नेटवर बदलापुरात राहतो. घरगुती पत्ता, रोज तोच. बँक एकदम खूश. अडचण एवढीच की, त्याच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि पावसाळ्यात तेवढ्यातच कधीतरी फोन वाजतो.

"मामा, लाइट गेलीय का?"

गेलेली असते. परवा मी त्याला स्पष्टच सांगितले की, एवढी गरज असेल तर इन्व्हर्टरचे पैसे पाठव. तो लगेच तयार झाला. पैसे मात्र सकाळी आले, कारण लाइट येईपर्यंत त्याचे खाते उघडत नव्हते.